व्हिसा मिळाला, परतीच्या वाटेचे काय?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यावर निघतो. उचल घेतलेल्या माणसाला हंगामाच्या मध्यावर परत फिरता येत नाही. आजारपण आले, फडात अपघात झाला, तरी न फिटलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढते. हा व्यवहार या जिल्ह्याला कोणी समजावून सांगावयास नको. परंतु याच जिल्ह्यातून आणि एकूणच मराठवाड्यातून सातासमुद्रापलीकडे जाणाऱ्या तरुणांच्या बाबतीतही हाच व्यवहार निराळ्या नावाने चालतो, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या देशात युद्ध पेटले आहे किंवा पेटण्याच्या बेतात आहे, अशा देशात जाणाऱ्यांसाठी नियम आहेत, सूचना आहेत, दूरध्वनी क्रमांक आहेत. हे सारे ज्या प्रवाशाला उद्देशून लिहिलेले असते, तो मन मानेल तेव्हा तिकीट काढून परत येऊ शकणारा मनुष्य असतो. कर्ज काढून गेलेला मनुष्य तसा नसतो.

प्रथम प्रवेशाच्या नियमांचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे. व्हिसा म्हणजे आत येण्याची मुभा. सुखरूप बाहेर पडण्याची हमी नव्हे. युद्धात गुंतलेला देश परकीयांसाठी नियम करतो तो स्वतःच्या सुरक्षिततेसाठी, पाहुण्याच्या नव्हे. युक्रेनचे उदाहरण घ्यावे. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले आणि त्याच दिवशी तेथील आकाश नागरी विमानांना बंद झाले. तेव्हापासून त्या देशात शिरावयाचे ते पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया किंवा मोल्डोव्हा यांच्या हद्दीवरून, जमिनीच्या वाटेने. म्हणजे युक्रेनचा व्हिसा हाती असून भागत नाही. ज्या तिसऱ्या देशातून जावयाचे त्याचाही लागतो, आणि तो एकदाच प्रवेश देणारा असेल तर परतीच्या वेळी तेच दार बंद असू शकते. रशियाच्या ताब्यातील प्रदेशातून परस्पर आत जाणे हा युक्रेनच्या कायद्याने गुन्हा आहे. देशात लष्करी कायदा आणि रात्रीची संचारबंदी आहे. पूल, चौक्या, लष्करी वाहने यांची छायाचित्रे काढणारा परकीय संशयित ठरतो. प्रवासाच्या सर्वसाधारण विम्यात तर युद्धामुळे झालेली हानी बहुधा वगळलेलीच असते. बारीक अक्षरांतील ते कलम वाचावयाचे राहून जाते आणि विम्याचा कागद मात्र जपून ठेवला जातो.

हे सारे माहीत असते तरी २०२२ च्या फेब्रुवारीत कितीसा उपयोग झाला असता, हा प्रश्न उरतोच. त्या महिन्यातील तारखांचा क्रम बोलका आहे. १५ फेब्रुवारीला कीव्ह येथील भारतीय दूतावासाने सांगितले की, ज्यांचे राहणे अत्यावश्यक नाही अशा भारतीयांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते देश सोडण्याचा विचार करावा. ‘विचार करावा’ ही भाषा मुत्सद्द्यांची आहे. गेवराई किंवा केजच्या शेतकरी बापाने तिचा अर्थ काय लावावा? विद्यार्थी वर्ग बुडवून निघाला तर हजेरी जाणार, सत्र वाया जाणार, भरलेली फी अडकणार. विद्यापीठे शिक्षण घरबसल्या चालू ठेवण्याची हमी देत नव्हती आणि विमानांचे दर चढत होते. शेवटी २२ फेब्रुवारीला दूतावासाला सांगावे लागले की, विद्यापीठांच्या अधिकृत उत्तराची वाट न पाहता निघा. त्यानंतर दोनच दिवसांत आकाश बंद झाले, आणि विद्यार्थ्यांना आणण्यासाठी कीव्हकडे निघालेले एअर इंडियाचे विमान अर्ध्या वाटेवरून माघारी फिरले.

पुढे ‘ऑपरेशन गंगा’ झाले. २६ फेब्रुवारीला बुखारेस्टहून पहिले विमान मुंबईला उतरले आणि अखेरपर्यंत सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले. ही कामगिरी मोठीच, तिचे श्रेय दिलेच पाहिजे. पण विमाने शेजारच्या देशांतून सुटत होती, तेथवर पोहोचावयाचे ते ज्याचे त्याने. पोलंडच्या हद्दीकडे मुले कडाक्याच्या थंडीत मैलोन्‌मैल चालत गेली. १ मार्चला खार्कीव्हमध्ये कर्नाटकातील एक विद्यार्थी मारला गेला. २ मार्चला दूतावासाने खार्कीव्हमधील भारतीयांना संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन नसेल तर पायी निघा, असे कळविले. सुमीमध्ये अडकलेल्या सुमारे ७०० विद्यार्थ्यांना बाहेर काढण्यास ८ मार्च उजाडला.

बीड, लातूर, परभणीकडची मुले वैद्यकीय शिक्षणासाठी इतक्या दूर का गेली, याचे उत्तर रणांगणावर नाही. अंबाजोगाईला १९७४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या दारावरून रोज जाणाऱ्या मुलाला तेथे जागा मिळत नाही, आणि खासगी महाविद्यालयाची फी बापाच्या साऱ्या जमिनीच्या किमतीला जाऊन भिडते. तेव्हा युक्रेन ‘परवडणारे’ ठरते. हीच ती उचल! फरक इतकाच की ती बँकेची, सावकाराची किंवा विकलेल्या शेताची असते.

ती किती घट्ट असते हे युद्धाच्या पहिल्याच वर्षी दिसून आले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार परदेशी पदवी ग्राह्य धरावयाची तर ५४ महिन्यांचे शिक्षण आणि १२ महिन्यांची आंतरवासिता त्याच परदेशी संस्थेत व्हावयास हवी होती. पुढे काही सवलती मिळाल्या, पण त्या तुटपुंज्या आणि उशिरा. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी दूतावासाने युक्रेनला जाऊ नका, असतील त्यांनी निघा, असे बजावले. तरीही काही विद्यार्थी मोल्डोव्हाच्या वाटेने परत गेले. त्यांना अविचारी म्हणणे सोपे आहे. एका सरकारी कागदावर ‘जाऊ नका’ असे लिहिलेले होते, आणि दुसऱ्यावर जे लिहिले होते त्याचा अर्थ ‘न गेल्यास पदवी नाही’ असा होत होता.

असा दुहेरी आवाज एकदाच उमटला असेही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्रायलमध्ये युद्ध भडकले. पॅलेस्टिनी मजूर बंद झाल्याने तेथील बांधकामे अडली आणि सरकारी करारान्वये भारतातून कामगार पाठविण्याचे ठरले. २ एप्रिल २०२४ रोजी साठ-पासष्ट जणांची पहिली तुकडी रवाना झाली. १२ एप्रिलला परराष्ट्र मंत्रालयाने भारतीयांना पुढील सूचनेपर्यंत इराण किंवा इस्रायलला न जाण्याचा सल्ला दिला. दोहोंमध्ये दहा दिवसांचे अंतर! पुढे त्याच वर्षी दुसऱ्या फेरीत १०,००० बांधकाम कामगार आणि ५,००० परिचारक-सेवकांची मागणी आली आणि निवडीसाठी महाराष्ट्राची निवड झाली. सेवकासाठी किमान अट होती दहावी उत्तीर्ण आणि ९९० तासांच्या प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण.

दहावीची ही अट शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. १९८३ च्या स्थलांतर कायद्यान्वये ठराविक १८ देशांत मजुरीला जाणाऱ्या अल्पशिक्षिताला स्थलांतर संरक्षकाची मंजुरी लागते. त्या निमित्ताने त्याचा करार तपासला जातो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेतील १० लाख रुपयांचे संरक्षणही या मंजुरीलाच जोडलेले आहे. परंतु दहावी उत्तीर्ण झालेल्याच्या पासपोर्टावर ही अट राहत नाही. शिकलेला मनुष्य आपले हित स्वतः पाहील, असे गृहीत धरलेले आहे. शिवाय त्या यादीत इराक, येमेन, सुदान असले तरी इस्रायल, रशिया, युक्रेन नाहीत. म्हणजे शाळेचा दाखला हाती पडताच कायद्याची छत्री मिटते. खेड्यात दहावी झालेल्या मुलास हिब्रू किंवा रशियन भाषेतील करार वाचता येतो, असे या गृहीतकात बसते की काय, कोण जाणे!

रशियात तेच घडले. ‘मदतनीसाची नोकरी’ म्हणून दलालांनी तरुणांना नेले, काहींना पर्यटकाच्या व्हिसावर, आणि रशियन भाषेतील करारावर सह्या घेऊन सैन्यात ढकलले. मार्च २०२४ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने या टोळ्यांविरुद्ध कारवाई केली. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार अशी १२६ प्रकरणे होती. ९६ जण परतले, १२ मृत्युमुखी पडले आणि १६ जणांचा ठावठिकाणा लागत नव्हता. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरी देऊ करणारा कोणताही मनुष्य फसवीत आहे, एवढे एकच वाक्य वेळीच मराठीत कानी पडले तरी एखादे घर वाचेल.

यावर कोणी म्हणेल, सरसकट बंदी घालावी. तो प्रयोग होऊन गेला आहे. २००४ मध्ये इराकला कामगार पाठविण्यावर बंदी आली आणि २०१० मध्ये ती उठली. मधल्या काळात माणसे कुवेत-दुबईच्या आडवाटेने जातच राहिली. बंदीने दलालाचा दर वाढतो, जाणारा मात्र नोंदवहीतून अदृश्य होतो. २०१४ मध्ये मोसुल येथे अपहरण झालेल्या ३९ भारतीयांच्या मृत्यूची निश्चिती २०१८ मध्ये झाली, तेव्हा त्यांची कोणत्याही दूतावासात नोंद नव्हती, असे राज्यमंत्र्यांनाच सांगावे लागले.

तेव्हा काम करावयाचे ते अलीकडच्या टोकाला, तालुक्याच्या ठिकाणी. दूतावासाची सूचना मराठीत, ‘विचार करावा’ऐवजी ‘अमुक दिवसाच्या आत निघा’ अशा भाषेत तहसील कचेरीच्या व महाविद्यालयाच्या फलकावर लागली पाहिजे. दलालाचा परवाना क्रमांक सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ यादीत पडताळून देणे हे कोणाही कारकुनाला पाच मिनिटांचे काम आहे. सेवाशुल्काची कायदेशीर कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक कर इतकीच आहे, हेही त्याच वेळी सांगता येईल. शैक्षणिक कर्ज देणाऱ्या बँकांनी, सरकारने ‘निघा’ म्हटल्याच्या दिवसापासून हप्ते व व्याज गोठविण्याचे कलम करारात घालावे; आयोगानेही अशा दिवसापासूनची अनुपस्थिती विद्यार्थ्याच्या विरुद्ध धरू नये. जाणाऱ्याने पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा, पोहोचताच दूतावासात नाव नोंदवावे आणि परतीच्या भाड्याइतकी रक्कम बाजूला ठेवावी, हे तर सांगावयाचेच. परंतु ती रक्कम कर्जातूनच काढलेली असणार, हे विसरून नव्हे.

आणि एक नोंदवही हवी. हंगामाला निघताना कोणाचा कोयता कोणत्या कारखान्यावर गेला, हे मुकादमाच्या वहीत नावानिशी सापडते, कारण त्याची उचल गुंतलेली असते. गावातला कोणता मुलगा कोणत्या देशात, कोणत्या शहरात आहे, हे ग्रामपंचायतीच्या वहीत असावयास हवे.