वर्षाची बेगमी आणि पुराचा पंचनामा

मार्च संपता संपता निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागातल्या घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. शाळूची मळणी आटोपलेली असते, तूर-हरभरा घरात आलेला असतो, गुऱ्हाळे उलगडत आलेली असतात. वर्षाचा गूळ, वर्षाची डाळ, वर्षाची चटणी असे सगळे मिरगाच्या आत घरात आले पाहिजे. मिरची कांडपाच्या डंक्यांपुढे रांगा लागतात. तिखटाला संकेश्वरी, रंगाला ब्याडगी आणि दोन्हींचे प्रमाण ज्या त्या घराचे ठरलेले. सांडगे-पापड वाळत पडतात, शेणींची हुडवी रचून वरून लिंपली जातात, कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. बाहेरून बघणाऱ्याला ही हौस वाटेल किंवा न सुटलेली जुनी सवय वाटेल. माझ्या मते महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या सामान्य घराचा हाच खरा विमा आहे. सुगीच्या दोन-तीन महिन्यांत हातात चार पैसे असतात आणि धान्याचे भावही उतरलेले असतात. तेव्हाच वर्षाचे खाणे भरून ठेवले, की पुढे महागाई झाली, काम मिळाले नाही किंवा घरात आजारपण आले तरी चूल विझत नाही. अशा घराची बचत बँकेच्या पासबुकात फारशी दिसत नाही, कारण ती धान्याच्या, गुळाच्या, सरपणाच्या आणि वैरणीच्या रूपात घरातच पडून असते.

अडचण अशी, की ही सारी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी दुष्काळ आणि महागाई डोळ्यांपुढे ठेवून बसवली. गेल्या वीस वर्षांत आपल्यावर वारंवार आले ते संकट पुराचे. २००५, २०१९ आणि २०२१ ही वर्षे नदीकाठच्या कोणालाही सांगावी लागत नाहीत. वेदगंगा आणि दूधगंगा या दोन्ही नद्या सह्याद्रीतून, कोल्हापूर जिल्ह्यातून खाली येतात. एकीवर पाटगावचे धरण, दुसरीवर काळम्मावाडीचे. वरती पाऊस कोसळला आणि विसर्ग वाढला, की इकडे जत्राट–भिवशी, अक्कोळ–सिदनाळ, कारदगा–भोज हे कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात. हे तर जवळपास दर पावसाळ्यात घडते. मोठ्या पुराच्या वर्षी पाणी गावात शिरते. ते शिरते जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये, म्हणजे वर्षाची साठवण निम्म्याहून अधिक शिल्लक असताना. दुष्काळात तगून राहण्यासाठी केलेली तजवीज पुरात सगळ्यात आधी बुडते. ज्याने काटकसर करून जास्त साठवले त्याचे जास्त जाते आणि ज्याच्या घरात आठवड्याचाच बाजार होता त्याचे कमी जाते. काटकसरीला अशी शिक्षा होणे मला साधी गोष्ट वाटत नाही.

पाणी घरात आल्यावर नेमके काय होते ते नीट पाहायला हवे. बांबूच्या कामट्यांनी विणलेली, शेणा-मातीने लिंपलेली कणगी जमिनीपासून वीतभर उंच दगडांवर बसवलेली असते. धान्य काढायला तिला तळाशी तोंड असते आणि त्यात चिंधीचा बोळा कोंबलेला असतो. ही रचना उंदरांपासून आणि जमिनीच्या ओलीपासून वाचण्यासाठी उत्तम आहे. पण कमरेएवढ्या पाण्यात लिंपण सुटते, बोळा निघतो आणि शाळू चिखलात मिसळतो. पत्र्याच्या कोठीची गत फार वेगळी नाही. झाकणाच्या फटीतून पाणी आत गेले, की धान्य फुगून घट्ट बसते, खालच्या थराला मोड येतात आणि पूर ओसरून घरी परत येईपर्यंत आंबट घाण सुटलेली असते. ते माणसाला चालत नाही आणि जनावरालाही घालता येत नाही. शेणी विरघळून जातात, कडबा कुजतो. मिठाच्या बरणीत पाणी, गुळाच्या ढेपेचा राब. घराच्या भिंती उभ्या असल्या, तरी आतले वर्ष संपलेले असते.

आता सरकारी निकष बघा. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी केंद्राने ठरवलेल्या २०१५ ते २०२० या काळातल्या निकषांत बुडालेल्या घरातल्या कपड्यांसाठी कुटुंबामागे १,८०० रुपये आणि भांडी-घरसामानासाठी २,००० रुपये धरले होते. पुढे २०२२ मध्ये ही रक्कम प्रत्येकी २,५०० झाली. दुभती म्हैस दगावली तर तिला दर आहे, कोंबडीला आहे, पडझड झालेल्या भिंतीला आहे. शेतातल्या पिकाला हेक्टरी दर आहे. घरात साठवलेल्या धान्याला मात्र त्या यादीत स्वतंत्र जागा नाही. म्हणजे फेब्रुवारीत शेतात उभा असलेला शाळू नुकसानभरपाईला पात्र, आणि तोच शाळू मळून, वाळवून, कणगीत भरला की सरकारच्या लेखी नाहीसा. कर्नाटक सरकारने २०१९ मध्ये पूरग्रस्त कुटुंबाला तातडीची मदत म्हणून १०,००० रुपये आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख जाहीर केले, हे मान्यच केले पाहिजे. केंद्राच्या निकषांपेक्षा ते बरेच जास्त होते. तरी हिशेब करून पाहावा. माणशी महिन्याला १० किलो धान्य धरले, तर पाच माणसांच्या घराला वर्षाला सहा क्विंटल लागते. मार्चमध्ये भरलेल्या कणगीत ऑगस्टच्या सुरुवातीला सात महिन्यांचे, म्हणजे साडेतीन क्विंटल उरलेले असते. किलोला ३० रुपये धरले तरी दहा हजार पाचशे झाले. तातडीची सगळी मदत एकट्या धान्यातच संपली. डाळ, गूळ, तेल, चटणी, सरपण, वैरण अजून बाकीच आहे. अंथरूण-पांघरूण आणि मुलांची दप्तरे तर सोडूनच द्या.

यावर पहिला आक्षेप येतो तो रेशनचा. अन्नभाग्यमधून माणशी तांदूळ मिळतो, २०२३ पासून गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० रुपये घरातल्या बाईच्या खात्यात येतात, शिवाय आता दुकाने आणि मॉल गावाच्या वेशीपर्यंत आले आहेत. मग वर्षाचे धान्य घरात कोंडून ठेवायचेच कशाला, असे विचारले जाते. या योजनांनी गरीब घरांना मोठा आधार दिला आहे आणि त्यांना नावे ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण रेशन हे महिन्याचे आहे, आणि दुकानापर्यंतचा रस्ता उघडा असला तरच ते घरात येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे–बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ जवळजवळ आठवडाभर बंद होता. २०२१ च्या जुलैत निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले. कोरोनाच्या काळात कोगनोळी नाक्यावर वाहने अडली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादाचे निमित्त होऊन दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या. दोन राज्यांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाचा रस्ता कधी नदी अडवते, कधी राजकारण. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्याच्या आतल्या गावांना तर हे शिकवावे लागत नाही. आमगाव, गवाळी, कृष्णापूर अशा गावांत पावसाळ्याआधी तांदूळ, मीठ, सुकी मासळी, सरपण भरून ठेवणे हा जगण्याचा भाग आहे, कारण पाऊस लागला की वाटच राहत नाही. आणि ही केवळ मागासलेल्या वाटांची गोष्ट आहे असेही कोणी समजू नये. स्वीडनच्या सरकारने २०१८ मध्ये संकटकाळाच्या तयारीची पुस्तिका घराघरात पाठवली. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये नागरिकांना किमान ७२ तास पुरेल एवढा शिधा घरात ठेवायला सांगितले. तिथे सरकारला सांगावे लागते ते इथल्या घरांनी न सांगता केलेले आहे, तेही तीन दिवसांचे नव्हे, वर्षाचे.

साठवणीने भाव वाढतात, असाही एक सूर निघतो. तो व्यापाऱ्याच्या गोदामाला लागू पडेल. घर धान्य भरते ते सुगीत, आवक भरपूर असताना. आणि टंचाईच्या महिन्यात ते बाजारात खरेदीलाच येत नाही. त्याने भाव वाढायचे काही कारण दिसत नाही.

याहून वजनदार आक्षेप पुराव्याचा आहे. कणगीत किती होते हे कोण सांगणार, उद्या जो तो दहा क्विंटल लिहून देईल, असे अधिकारी म्हणतील. अडचण खरी आहे. पण कपड्यांचे पैसे देताना सरकार साड्या मोजत नाही, ठोक रक्कम देते. धान्याला तीच पद्धत लावता येईल. रेशनकार्डावर घरातली माणसे लिहिलेली आहेत, पुराचा महिना सगळ्यांना माहीत आहे, पुढची सुगी कधी येते तेही माहीत आहे. माणशी, महिन्याला अमुक किलो, सुगीपर्यंत इतके महिने, असा दर एकदा ठरवून निकषांत घातला की लबाडीला जागाच उरत नाही, कारण कोणाला काही लिहून द्यायचेच नाही. महाराष्ट्राने २०१९ मध्ये पूरग्रस्तांना १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ देण्याचे ठरवले आणि घर दोन दिवस पाण्यात असण्याच्या अटीवरून केवढा गदारोळ झाला, हे आठवत असेल. तो राग रास्त होता. वीस किलो धान्य ही पाच माणसांच्या घराला दहा-बारा दिवसांची सोय आहे. वर्षाच्या साठ्याची भरपाई म्हणून तिच्याकडे पाहता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त छळतो. वर्षाची बेगमी कोणाला जमते? जमीन असलेल्याला, किंवा मार्चमध्ये एकरकमी पैसे काढू शकणाऱ्याला. निपाणीत विड्या वळून हजारी मजुरीवर घर चालवणाऱ्या बाईला आठवड्याचाच बाजार परवडतो, म्हणजे तेच धान्य ती वर्षभर चढ्या भावाने घेते. बेगमीचे गोडवे गाताना हे विसरता येणार नाही. कष्टाचेही तसेच आहे. निवडणे, वाळवणे, कडुलिंबाचा पाला घालून भरणे, उन्हात कुरडया-पापड घालणे हे सगळे काम बाईच्या अंगावर पडते आणि कुठल्याही हिशेबात ते धरले जात नाही. म्हणून बेगमी घराघराने एकेकट्याने करावी असा आग्रह मी धरणार नाही. बचत गटांनी सुगीत एकत्र धान्य घ्यावे, भिशीसारखे हप्ते पाडावेत, म्हणजे आठवड्याच्या मजुरीवरही चार-सहा महिन्यांचा शाळू घरात येऊ शकतो. चाळणी आणि शेवयांची यंत्रे गटाच्या नावावर आली तर कंबरडे मोडणारे काम निम्मे होईल. पुरुषांनीही पोती उचलण्यापुरतेच पुढे येऊ नये.

साठवण्याची रीत मात्र बदलावीच लागेल, आणि हे सरकारवर ढकलून चालणार नाही. नदीकाठच्या गावात मिरगानंतर सगळे धान्य जमिनीलगत ठेवणे धोक्याचे आहे. रबरी कडी असलेल्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपांत भरून ते माळ्यावर न्यावे. सगळा साठा एका छपराखाली ठेवू नये, वरच्या आळीतल्या भाऊबंदांकडे किंवा पाव्हण्यांकडे थोडा हलवावा. यापुढची पायरी एकट्या घराला झेपणारी नाही. ती पीकेपीएसने, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्थेने उचलावी. गावोगावच्या या सोसायट्या खते-बियाणे वाटतात, कर्ज देतात, आणि अनेकांची स्वतःची गोदामे आहेत. सहकाराचे या मुलखाला नवल नाही. देशातल्या अगदी पहिल्या सहकारी पतसंस्थांपैकी एक १९०५ मध्ये कर्नाटकातच, गदगच्या कणगिनहाळला निघाली. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये सोसायट्यांच्या पातळीवर धान्य गोदामे उभारण्याची मोठी योजना मंजूर केली आहे. ती गोदामे पूररेषेच्या वर बांधावीत आणि जून ते सप्टेंबर नदीकाठच्या घरांचे धान्य नाममात्र भाड्याने तिथे ठेवून घ्यावे. लागेल तसे महिन्याच्या महिन्याला उचलता यावे.

यात एक फायदा असा, की सोसायटी धान्याची पावती देईल. घरात उरलेल्या धान्यासाठी ठोक दर आणि गोदामातल्या धान्याला पावती असली, म्हणजे पुराव्याचा प्रश्नही सुटतो. एक अट मात्र घालावीशी वाटते. मदतीचे अर्ज, पंचनामे आणि नोटिसा कन्नडमध्ये येतात आणि ज्यांच्यासाठी त्या निघतात त्यांतल्या पुष्कळ मराठी घरांना त्या दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागतात. ही पावती दोन्ही भाषांत असावी, म्हणजे कणगी भरणारी बाई आणि पंचनामा लिहिणारा तलाठी एकाच कागदावर बोट ठेवून बोलू शकतील. नदीकाठच्या गावांनी येत्या मे महिन्याच्या ग्रामसभेतच सोसायटीकडे तशी मागणी ठरावाने करावी, कारण जूनमध्ये पाऊस लागल्यावर पोती हलवायला ट्रॅक्टरही मिळत नाही.