स्पॅनिश शिकताना ‘ए-१’वरून ‘ए-२’कडे जाताना गाडी कुठे अडते?

भारत आणि स्पेन यांनी २०२६ हे संस्कृती, पर्यटन आणि एआयचं वर्ष ठरवलंय. त्यामुळे स्पॅनिशची चर्चा वाढतेय. पण अनेकांची गाडी पहिल्याच पातळीवर अडते. का?

भिवंडी तालुक्यातल्या गणेशपुरीचं उदाहरण घेऊ. इथे नित्यानंद बाबांच्या समाधीच्या दर्शनाला परदेशातूनही भाविक येतात. स्पॅनिशमध्ये स्वतःचं नाव किंवा चहाची किंमत सांगणं ‘ए-१’मध्ये जमतं. पण ‘बाबा इथे राहायचे, १९६१ मध्ये त्यांनी समाधी घेतली’ हे सांगायला ‘ए-२’ लागतं.

कारण स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन प्रकारे सांगतात. ‘राहायचे’साठी ‘बिबिया’, एकदाच घडलेल्या ‘वारले’साठी ‘मुरिओ’. इंग्रजीत ‘लिव्हड्’ हे एकच रूप ‘राहायचे’ आणि ‘राहिले’ दोन्हींसाठी चालतं, म्हणून इंग्रजीतून शिकणारे इथे गोंधळतात. मराठीत हा फरक आधीच आहे.

आवडीचंही तसंच. ‘मला आंबा आवडतो, आंबे आवडतात’ याप्रमाणे स्पॅनिशमध्येही ‘मे गुस्ता, मे गुस्तान’ असं क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं.

सगळंच सोपं नाही. आपल्या एका ‘आहे’साठी तिथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदं आहेत. ती सवयीनेच येतात.

शिवाय ‘डेले ए-२’ परीक्षेत वाचन-लेखनाला ५० आणि ऐकणं-बोलण्याला ५० गुण असतात. दोन्हींत किमान ३० हवेतच. त्यामुळे नुसतं पाठांतर पुरत नाही. रोज कालचा दिवस स्पॅनिशमध्ये मोठ्याने सांगायचा, तोही आधी मराठीत जुळवून.