आधी कागद दाखवा, मग पैसे मागा

मा. संपादक,


वसुलीवाल्यांच्या फोनांना कंटाळलेल्या एका वाचकाने आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात लिहिलं होतं, ‘चार-पाच हजारांसाठी झोप कशाला घालवायची? देऊन टाका आणि मोकळे व्हा.’ त्यांची मनःस्थिती मला कळते, पण सल्ला पटत नाही. आमच्या सुरतच्या पांडेसऱ्यात चार-पाच हजार म्हणजे खोलीचं भाडं आणि वर थोडा किराणा. ते असो. रक्कम पन्नास रुपये असती तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं: जे कर्ज आपण घेतलं नाही, त्याचा एक रुपयाही भरू नये. भरून कुणी मोकळं होत नाही.

मी इथल्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये फोल्डिंग खात्याचा हिशेब लिहितो. गल्लीत निम्मी माणसं जळगाव-धुळे-नंदुरबारची, बाकीची ओडिशा-उत्तर प्रदेशची. स्टेंटर मशीनवर काम करणाऱ्या एका पोराने मोबाईलच्या अ‍ॅपवरून कर्ज काढलं, काही हप्ते भरले आणि काम सोडून गावी गेला. अर्जात त्याने ओळखीचा माणूस म्हणून माझा नंबर टाकलेला. मला न विचारता. मग फोन सुरू झाले. ‘आप गॅरंटर हो, पैसा आप भरोगे.’ आधी रक्कम अकरा हजार होती, पुढच्या फोनला अठरा हजार झाली, आणि मी कागद मागितल्यावर तोच माणूस म्हणाला, आज भरत असाल तर सहा हजारांत मिटवून देतो. संध्याकाळच्या भाजीसारखा ज्याचा भाव उतरतो, त्या कर्जाची वही कुणाच्या हातात आहे?

ओळखीचा माणूस आणि जामीनदार यांत कायद्याने मोठं अंतर आहे. १८७२च्या करार कायद्यातलं कलम १२६ सांगतं की हमी हा करार असतो. दुसऱ्याने पैसे बुडवले तर मी भरीन, असं मी कबूल केलेलं असावं लागतं. कुणी आपला नंबर फॉर्मवर लिहिला म्हणून आपण जामीन राहत नाही. मात्र त्याच कलमानुसार हमी तोंडीही देता येते. म्हणून फोनवर ‘बरं, बघतो, त्याला भरायला लावतो, नाहीतर मी आहेच’ असलं भलेपणाचं बोलणं कटाक्षाने टाळावं. आपली माणसं नेमकं तेच बोलतात. समोरचा चढ्या आवाजात बोलला की आपण नरमतो.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे की वसुलीसाठी धमकावणं, चारचौघांत अपमान करणं, कर्जदाराच्या घरच्यांच्या, मित्रांच्या किंवा अर्जात नाव दिलेल्या ओळखीच्या माणसांच्या खासगी आयुष्यात घुसणं चालणार नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोनही करायचा नाही. (हा वेळेचा नियम करणाऱ्याने आमची मिल पाहिलेली नसावी. इथे बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि एकाच खोलीत दिवसपाळीवाला उठतो तेव्हा रातपाळीवाला आडवा होतो. दुपारी दोनचा फोन त्याच्यासाठी मध्यरात्रीचाच.) त्याच वर्षीच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनी अ‍ॅपला फोनमधली नावांची यादी उघडायलाही मनाई केली. तरी फोन येतात, कारण विचारणारा कुणी नाही.

अर्जात ज्याचं नुसतं नाव आहे त्याची ही गत, तर जिच्या नावावरच परस्पर कर्ज काढलं तिचं काय होत असेल? शेजारच्या एक ताई घरी बसून साड्यांना टिकल्या लावतात. दिराच्या घरकर्जात सहकर्जदार व्हायला गेल्या तेव्हा कळलं, त्यांच्या पॅनवर मोबाईलच्या हप्त्यांचं कर्ज आहे आणि ते थकलंय. पॅनची झेरॉक्स कुठे-कुठे दिली होती? खोलीमालकाला, सिमकार्डवाल्याला, काम आणून देणाऱ्या ठेकेदाराला. आता ताई प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहितात: ‘फक्त भाडेकरारासाठी’, खाली तारीख आणि सही. सगळ्यांनीच ही सवय लावून घ्यावी. आपल्या नावावर काय आहे हे कळायला दलाल लागत नाही. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. चुकीची नोंद दिसली तर तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम २६ एप्रिल २०२४पासून लागू आहे. ‘सेटलमेंट’ करून मोकळे झालेल्यांच्या अहवालात मात्र तसा शेरा बसतो, आणि पुढची बँक त्याकडे बोट दाखवते. न घेतलेल्या कर्जाचा डाग आपणच पैसे देऊन विकत घ्यायचा, याला मोकळं होणं कसं म्हणायचं?

आपली माणसं पैसे भरतात ती बहुधा कायद्याच्या भीतीने नाही, अब्रूच्या भीतीने. बापाचं कर्ज पोराने फेडावं, हे तर रक्तात भिनलेलं. पण २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली, आणि केवळ पुत्रधर्म म्हणून बापाच्या नव्या कर्जासाठी मुलाला कोर्टात खेचण्याची वाट बंद झाली. वारशात जेवढं मिळालं, तेवढ्यापुरतीच जबाबदारी. वसुलीवाला हे सांगणार नाही.

आणि कागद मागणं म्हणजे काही उद्धटपणा नव्हे. १२ मे १८७५ला सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले तेव्हा त्यांचा रोख सावकारांच्या रोख्यांवर होता. ते मिळवायचे आणि जाळायचे. त्यातून १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहार पहिल्यापासून तपासण्याची मुभा त्याने कोर्टाला दिली, आणि पावती व हिशेब मागण्याचा हक्क कुणब्याला दिला. इंग्रजी अमलातल्या कुणब्याला जो हिशेब मागता येत होता, तो आज स्मार्टफोनवाल्या कामगाराने मागितला की ‘ज्यादा होशियार मत बनो’ ऐकावं लागतं.

म्हणून माझी रीत सांगतो. फोनवर वाद घालायचा नाही. पैसे कुणाचे, कर्जखात्याचा नंबर काय, करार कुठे, त्यावर माझी सही कुठे, रक्कम कुणाच्या खात्यात जमा झाली आणि वसुलीचं अधिकारपत्र कुठे, एवढं लेखी मागायचं आणि कर्ज देणाऱ्या कंपनीलाच लेखी तक्रार करायची. बँकेचं कर्ज असेल तर रिझर्व्ह बँकेच्या २००८च्या निर्देशांनुसार तक्रारीचा निकाल लागेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे पाठवायचंच नसतं. तक्रारी निव्वळ त्रास द्यायला चालल्यात हे बँकेला पुराव्यानिशी पटलं, तरच अपवाद. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

कर्ज घेऊन ‘मी नव्हेच’ म्हणणारेही आमच्या गल्लीत आहेत, नाकारत नाही. पण त्यांचं बिंगही कागदानेच फुटेल. फोन करणारी पोरंही आमच्यासारख्याच घरांतली, महिन्याचं टार्गेट डोक्यावर असलेली. माझं भांडण त्यांना कागदाशिवाय यादी देणाऱ्यांशी आहे. मिलमालकांना आणि ठेकेदारांनाही सांगणं आहे: ऑफिसात असा फोन आला तर कामगाराला बोलावून सगळ्यांसमोर झापू नका, त्याची माहितीही देऊ नका. जानेवारी २०२३मध्ये गुजरात पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध मोहीम काढली, लोकदरबार भरवले. फोनवरून धमकावणाऱ्यांविरुद्धचा अर्ज घेतानाही पोलीस ठाण्यात तेवढीच तत्परता दिसावी.

शेवटी आपल्याकडेही एक मागणं आहे. आपल्या छोट्या जाहिरातींत ‘कागदपत्रांशिवाय झटपट कर्ज’ रोज छापून येतं. त्याच पानावर एक चौकट द्या: लोकपालाकडे तक्रारीच्या माहितीसाठी १४४४८, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०. मोठ्या टायपात द्या, रातपाळीहून आलेल्या माणसाला चष्मा न शोधता वाचता येईल असं.

आपला,
एक नियमित वाचक
पांडेसरा, सुरत