धुराड्यातून जाणारं जळण अडवा

शेतकरी बंधूंनो, पाट फुटून विहिरीचं पाणी ओढ्याला जाऊ लागलं तर तुम्ही रात्री उठून दारं धरता. मग गुऱ्हाळाच्या धुराड्यातून अख्खा हंगामभर वाया जाणारी धग का अडवत नाही? ती डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. जळण मात्र तुमचंच जळतं.

जरा हिशेब करू. रसात शंभरातले ऐंशीच्या आसपास भाग पाणीच असतं. त्यातलं एक किलो पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला 80 किलोकॅलरी लागतात आणि उकळल्यावर त्याची वाफ करायला आणखी 540. काहिलीतला रस उकळत असतो, त्यामुळे तिच्याखालून निघणारा धूर त्याहून गार होणं शक्यच नाही. तो शेकडो अंशांवर असतानाच धुराड्यात शिरतो. मात्र त्याच्या वाटेवर गार रस ठेवला, तर त्या धगीचा काही भाग कामी येतो.

ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या वेकफिल्डच्या एडवर्ड ग्रीन यांनी 1845 साली तिचं पेटंट घेतलं. बॉयलरच्या धुराच्या वाटेत नळ्या बसवायच्या आणि बॉयलरला लागणारं पाणी त्यांतून तापवून घ्यायचं. त्याला इकॉनॉमायझर म्हणतात. आज साखर कारखान्यांच्या बॉयलरवरही तो असतो. शिवाय भट्टीत जाणारी हवाही धुरावरच तापवून घेतात. ऊस तोच, चिपाड तेच. पण कारखान्यात चिपाड उरतं, त्यावर वीज करून विकतात आणि गुऱ्हाळवाला जळण कमी पडतं म्हणून हातघाईला येतो!

गुऱ्हाळाला एवढी यंत्रं नकोत. मुख्य काहिलीच्या मागे, धुराड्याच्या आधी, दुसरी काहील बसवावी. पुढच्या आदणाचा रस तिच्यात 20 अंशांवरून 80 अंशांवर आला, तर वरच्या 620 किलोकॅलरीतल्या 60 वाचल्या. म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. त्यातला काही रस तिथंच आटला, तर फायदा आणखी.

पण दोन-तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. धूर फार गार केला तर धुराड्याची ओढ कमी होते आणि धूर चुलवणाच्या तोंडातून मागे येतो. म्हणून बांधकाम जाणकाराला दाखवूनच करा. मागची काहील कधी कोरडी ठेवू नका, करपेल. आणि रस कोमट अवस्थेत रेंगाळू देऊ नका, आंबेल आणि गूळ बिघडेल.

याआधीचं फुकटचं काम म्हणजे चिपाड चांगलं वाळवणं. घाण्यातून निघालेल्या चिपाडात जवळपास निम्मं पाणी असतं. ते ओलं जाळलं तर पहिली धग त्यातलं पाणी उडवण्यातच जाते.

आता गावकारभाऱ्यांना दोन शब्द. काही ठिकाणी जळण कमी पडलं की टायर आणि प्लास्टिक चुलवणात जातं. तो धूर गावातल्या पोराबाळांच्या छातीत जातो आणि गुळाचं नावही जातं. ते थांबलंच पाहिजे. पण नुसती नोटीस काढून भागणार नाही. जळणाची नड का पडते, हे सरपंचांनी गुऱ्हाळवाल्यांना एकत्र बसवून विचारावं. कोल्हापूरच्या ऊस व गूळ संशोधन केंद्रातल्या तज्ज्ञांना बोलवावं. एका गुऱ्हाळावर करून दाखवलं की बाकीचे आपोआप बघायला येतील.

खर्च कोण करणार, असं विचाराल. रास्त आहे. म्हणून आधी मोजा. एका आदणाला किती चिपाड लागतं, ते चार दिवस वजन करून वहीत लिहा. दहावा हिस्सा वाचला तर हंगामात किती पैसे होतात, ते काढा आणि मगच गवंड्याला बोलवा. वाचलेल्या जळणापायी पाचट जरी शेतात राहिलं, तरी जमीन तुम्हाला दुवा देईल.