यशस्वितेसाठी कोणी परिश्रम घेतले?

आपल्याकडे कार्यक्रमाची बातमी एका ठरलेल्या वाक्यावर संपते. ‘कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी अमुक, तमुक व सहकाऱ्यांनी परिश्रम घेतले.’ पानावर जागा कमी पडली की उपसंपादक सगळ्यात आधी याच वाक्याला कात्री लावतो. त्याचा दोष नाही. प्रमुख पाहुण्यांचं भाषण कापलं तर फोन येतो, परिश्रमांची यादी कापली तर कोणाचाच येत नाही.

डिसेंबरात आमच्या तालुक्याच्या गावी चौदा वर्षांखालच्या मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा झाली. बातमी दोन कॉलम आली, विजेत्या संघाचा फोटोही आला. यादी अर्थातच गेली. आयोजन समितीत मी आहे आणि हे सदरही माझंच आहे, तेव्हा ती यादी आज इथे देते. नावं मात्र नाहीत. निम्म्या लोकांनी ‘नाव छापाल तर पुढच्या वर्षी येणार नाही’ असं बजावलंय आणि ही धमकी मी मनावर घेतली आहे.

खानदेशातल्या बऱ्याच शाळांना सॉफ्टबॉल नवा नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. १८८७ साली शिकागोमध्ये एका क्लबाच्या हॉलमध्ये बांधलेला बॉक्सिंगचा हातमोजा चेंडू म्हणून आणि झाडूचा दांडा बॅट म्हणून वापरून हा खेळ सुरू झाला. १९९६ साली तो ऑलिंपिकला पोचला, मध्ये बाहेर गेला, टोकियोत परतला, आणि २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये पुन्हा असणार आहे. नऊ जणी मैदानात, चार बेस, आणि पिचर हात खालून गोल फिरवून चेंडू सोडते. मोठ्या महिलांच्या सामन्यात ती फलंदाजापासून ४३ फुटांवर असते, आम्ही लहान मुलींसाठी ४० ठेवले. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची असते, हे लक्षात घ्या. चेंडू १२ इंच घेराचा आणि वजनाला १७८ ते १९८ ग्रॅम, म्हणजे पुरुषांच्या क्रिकेटच्या चेंडूपेक्षाही जड. म्हणून डोक्यावर हेल्मेट, कॅचरच्या तोंडावर मास्क, आणि मैदानाच्या कडेला बर्फाचा डबा घेऊन बसलेल्या एक डॉक्टरबाई. रविवारचा दवाखाना बंद ठेवून त्या आल्या होत्या.

पण खरी सुरुवात आदल्या आठवड्यात झाली, ती जमिनीपासून. मैदान शाळेचं असलं तरी लग्नसराईत तिथे मांडव पडतात. मांडव निघतो, मेखांची भोकं राहतात, खिळे राहतात, तारेचे तुकडे राहतात. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांचं त्यामुळे काही अडत नाही. सॉफ्टबॉलमध्ये मात्र मुलगी बेस गाठायला जमिनीवर घसरत जाते. एखादा खिळा राहिला तर मांडी फाटायची. कॉलेजच्या एनएसएसची मुलं खांद्याला खांदा लावून रांगेत उभी राहिली आणि मान खाली घालून मैदान चालली. एका गॅरेजवाल्या दादांनी जुन्या स्पीकरची चुंबकं लाकडी पट्टीला ठोकली, पट्टीला दोरी बांधली आणि ती मैदानभर ओढली. पहिल्याच फेरीत एवढे खिळे चिकटून आले की दुसरी फेरी मारायला कोणाला सांगावं लागलं नाही.

आमची माती काळी. हिवाळ्यात ती दगडासारखी होते आणि भेगा पडतात, म्हणून बेसच्या आतल्या भागात बारीक मुरूम हवा. ट्रॅक्टरवाल्याला भाव विचारला तर म्हणाला, “ताई, पोरींसाठी आहे ना? डिझेलचं द्या, बाकी राहू द्या.” चार ट्रॉल्या टाकल्या, रोलरही त्यानंच फिरवला. सॉफ्टबॉल त्यानं जन्मात पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तो तिसऱ्या बेसच्या मागे उभा राहून पंचांच्या निकालावर मतं देत होता.

मैदान आखलं ते निवृत्त पीटीच्या सरांनी. होम प्लेटपासून समोरचा दुसरा बेस ८४ फूट १० इंचांवर असतो. आधी तिथे खुंटी ठोकायची. मग होमपासून एक टेप आणि दुसऱ्या बेसपासून दुसरी टेप, दोन्ही ६०-६० फूट ताणायच्या. त्या जिथे मिळतील तिथे एका बाजूला पहिला बेस आणि दुसऱ्या बाजूला तिसरा. काटकोन आपोआप साधतो. सर पंच्याहत्तरीला आलेत, पण टेपचं शून्याचं टोक दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाहीत. त्यांचं म्हणणं, चुकते ती सुरुवात, शेवट नाही. सुतळी ताणून, डालड्याच्या जुन्या डब्याला भोकं पाडून त्यांनी फक्की मारली. रात्री कुत्री रेघांवरून हिंडली, पहाटे दव पडलं, तर सकाळी साडेसहाला सर पुन्हा डबा घेऊन हजर. दोन मैदानं, दोन दिवस, आणि प्रत्येक सामन्यानंतर पुसट झालेल्या रेघा नव्यानं. दुसऱ्या दिवशी सूनबाई त्यांची गोळी घेऊन मैदानावर आल्या, तेव्हा कळलं की सर घरी न सांगताच आलेत.

एवढं सगळं कशासाठी, तर दुसऱ्या सामन्यासाठी. हे जरा उलगडून सांगते, कारण आमच्या स्पर्धेचं सगळं गणित इथेच आहे. शालेय स्पर्धा बहुधा बाद पद्धतीनं होतात. १६ संघ आले तर पहिल्या फेरीनंतर आठ घरी जातात. म्हणजे निम्म्या मुली पहाटे एसटीत बसतात, तासभर खेळतात, हरतात आणि परततात. काही जणींच्या वाट्याला बॅटही येत नाही. वेळ आणि पैसा दोन्ही कमी असतात, त्यामुळे सरकारी यंत्रणेला मी यात नावं ठेवणार नाही. पण आम्हाला कोणाच्या कोष्टकाचं बंधन नव्हतं. आम्ही १२ संघांचे तीन-तीनचे चार गट केले. गटातले सामने १२, उपांत्य दोन, तिसऱ्या क्रमांकाचा एक आणि अंतिम एक, असे एकूण १६. बाद पद्धतीनं तेवढ्याच संघांचे ११ झाले असते. वरचे पाच सामने म्हणजे वरचे पंच, वरचं पाणी, वरची फक्की आणि एक मुक्कामाची रात्र. प्रत्येक मुलीला दुसरा सामना मिळावा, याची किंमत यादीतल्या लोकांनी मोजली.

आणि ती मोजण्यासारखी होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेचा संघ शनिवारी इतक्या धावांनी हरला की गुणफलकावरचे आकडे बदलणाऱ्या मुलाला अवघडल्यासारखं झालं. त्याच मुली रविवारी दुसऱ्या संघाशी शेवटच्या इनिंगपर्यंत झुंजल्या आणि एका धावेनं हरल्या. बाद पद्धतीत त्या शनिवारी दुपारीच परतीच्या गाडीत असत्या.

आता गुणलेखक. सॉफ्टबॉलची गुणवही पहिल्यांदा पाहणाऱ्याला जन्मपत्रिका वाटते. प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, असं करत शॉर्टस्टॉप ६ आणि उजवीकडची शेवटची खेळाडू ९. वहीत ‘६-३’ दिसलं की समजायचं, शॉर्टस्टॉपनं चेंडू अडवून पहिल्या बेसकडे फेकला आणि धावणारी बाद झाली. हे सगळं चेंडू पडताक्षणी लिहायचं असतं. आमच्याकडे हे काम पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकूंनी केलं. त्यांना खेळात रस नव्हता. नात संघात आहे म्हणून आल्या होत्या, तर कोणीतरी त्यांच्या हातात पेन्सिल दिली. उपांत्य सामन्यात एक प्रशिक्षक तावातावानं टेबलाशी आले. समोरच्या संघानं फलंदाजीचा क्रम मोडलाय, असा त्यांचा आरोप होता. काकूंनी चष्मा वर केला, वही त्यांच्याकडे फिरवली आणि इनिंगवार बोट फिरवत क्रम दाखवला. “साहेब, मी मनिऑर्डरी लिहिल्यात. माझ्याकडे पैसा इकडचा तिकडे गेला नाही, धाव कशी जाईल?” प्रशिक्षकांनी पाणी मागितलं.

मुलींची स्पर्धा आणि मुलांची स्पर्धा यात मैदानावर फारसा फरक नसतो. फरक पडतो तो संध्याकाळी सहानंतर. मुलांना वर्गात सतरंज्या टाकून दिल्या की आयोजक घरी जाऊन झोपू शकतो. मुलींच्या बाबतीत बाप फाटकाशी उभा असतो. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट सोपी झालीय. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं आहे, त्यामुळे मुलीसोबत आईही येऊ लागली. पण सगळ्यांच्या आयांना मजुरी बुडवून येता येत नाही. एका गावचे वडील शनिवारी संध्याकाळी मुलीला परत न्यायलाच आले. शाळेत रात्री कोण असतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर समितीतल्या कोणी दिलं नाही. शाळेच्या मावशी पुढे झाल्या. “मी दाराशी आडवी होते, दादा. मला ओलांडल्याशिवाय कोणी आत जात नाही.” वडील थोडा वेळ उभे राहिले, मुलीला स्वेटर दिला आणि गेले.

मावशींच्या जोडीला दोन आशाताई आणि एक शिक्षिका रात्रभर आळीपाळीनं जाग्या होत्या. पंचांच्या टेबलामागे एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं होतं. त्यात पॅड, साबण, गडद रंगाच्या दोन-तीन पँटी आणि सुया-दोरा होता. खोक्याबद्दल माइकवरून काही बोलायचं नाही, असं आशाताईंनी आधीच ठरवलं होतं. प्रत्येक संघाच्या बाईंना त्या कानात सांगून आल्या. सामना चालू असताना एक मुलगी टेबलाकडे धावत आली, आशाताईंनी तिला शाल गुंडाळून आत नेलं आणि पुढच्या इनिंगला ती परत मैदानात होती. पंचांनी घड्याळ पाहिलं नाही. सव्वा तासाची मर्यादा होती, त्यातली चार-पाच मिनिटं त्यांनी त्या मुलीच्या नावावर टाकली. नियमात हे बसतं का, असं नंतर कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी भांडले असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे ‘सेवा’ म्हटलं की मजुरी बुडवायची सोय होते. स्पर्धेत ज्यांचं पोट त्याच कामावर आहे, त्यांना स्वयंसेवक म्हणू नये. स्वयंपाक करणाऱ्या बचत गटाच्या बायका, स्वच्छतागृह साफ करणारे दोघे, बाहेरगावहून आलेले पंच आणि रात्र जागणाऱ्या मावशी व आशाताई, या सगळ्यांना ठरलेले पैसे त्याच दिवशी हातात दिले. मावशी घ्यायला तयार नव्हत्या, त्यांना द्यावेच लागले. गाणं गायलं तर मानधन आणि संडास धुतला तर आभार, हा हिशेब मला मान्य नाही.

पैसे आणायचे कुठून? हार, शाली, नारळ, फेटे आणि माणसाएवढ्या उंच ट्रॉफ्या, एवढं कापलं की बरंच निघतं. आम्ही ट्रॉफी वीतभराची ठेवली आणि उरलेल्या पैशांतून कॅचरचे दोन संच घेतले. मास्क, छातीचं कवच आणि नडगीची पॅड, सगळं मुलींच्या मापाचं. आजवर मुलांच्या मापाची कवचं आमच्या मुली मागून सुतळीनं आवळून घालत होत्या. एका देणगीदारांनी मात्र मोठी ट्रॉफी नाही तर देणगी नाही, असं कळवलं. ठीक आहे. उद्घाटनाला पाहुणे वेळेवर आले नाहीत, तेव्हा सगळ्यांत लहान खेळाडूच्या हातून पहिला चेंडू टाकून आम्ही सामना सुरू केला. पाहुणे आले तेव्हा तिसरी इनिंग चालू होती. त्यांनी शांतपणे बसून ती पाहिली, आणि भाषण न करताही स्पर्धेचं उद्घाटन होतं, हे आमच्यासोबत त्यांनाही कळलं. माणूस दिलदार होता. जाताना पुढच्या वर्षीच्या चेंडूंचा खर्च कबूल करून गेला.

राहिले बाकीचे. पाण्याचा टँकर दोनदा भरून आणणारे, दोन्ही दिवस गुणफलकाच्या शिडीवर बसलेला नववीतला मुलगा, भर उन्हात हद्दीबाहेर गेलेले चेंडू तुरीच्या शेतातून शोधून आणणारी तीन पोरं, आणि ते शेत तुडवू देणारा शेतकरी. त्याच्या तुरीचं नुकसान समितीनं भरून दिलंय, पण त्यानं निम्मेच पैसे घेतले.

पुढची स्पर्धा येत्या डिसेंबरातच आहे. फक्की मारायला सर आहेत, मुरुमाची सोय झालीय. कमी पडतात ते गुणलेखक आणि रात्रीच्या मुक्कामाला थांबू शकणाऱ्या बायका. रात्रीच्या कामाचे पैसे मिळतील, गुणलेखनाचे मिळणार नाहीत. ज्यांना नीट अक्षर आणि साधी बेरीज येते, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या ग्रंथालयात यावं. काकू शिकवणार आहेत. वर्गाला फी नाही, पेन्सिल आणि खोडरबर आपापलं आणावं.