सिंधूला कोणी मारले?

"'एकच प्याला' या नाटकातील शोकांतिकेस जबाबदार कोण? सकारण लिहा." मराठीच्या शिक्षकांचा हा फार आवडता प्रश्न. उत्तरेही ठरलेली असतात. सरळमार्गी विद्यार्थी लिहितो, 'दारू'. जरा नाटक वाचलेला लिहितो, 'तळीराम'. हुशार असेल तर 'सुधाकरचा मानी स्वभाव' असे लिहून खाली एक रेघ मारतो. आणि शेवटच्या परिच्छेदात तिघांचेही एकमत होते, की सिंधू ही आदर्श पतिव्रता होती आणि तिच्या त्यागापुढे आपले मस्तक नम्र होते.

अकोल्याच्या शाळेत मराठी शिकवण्यात माझी उमर गेली, आता अमरावतीला मुलाकडे असते. वय सत्तरीच्या पुढे गेले, त्यामुळे कोणाला काय वाटेल याची भीती उरलेली नाही. म्हणून आज स्पष्टच लिहिते. वरच्या उत्तरांतली पहिली दोन साफ खोटी आहेत, तिसरे अर्धवट आहे, आणि तो शेवटचा परिच्छेद तर धोकादायक आहे.

आमच्या घरातली इंग्रजी शाळेत शिकलेली नातवंडेही हे वाचतात, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगते. सुधाकर हा गरिबीतून वर आलेला बुद्धिमान वकील. सिंधू त्याची बायको, श्रीमंत घरची लेक. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि सुधाकरची सनद काही महिन्यांसाठी जाते. अपमान त्याला सोसत नाही. त्याचा कारकून तळीराम म्हणतो, विसर पडायला एकच प्याला घ्या. पुढे एकाचे किती होतात ते सांगायला नको. घर धुळीला मिळते. सिंधू दळण दळून दिवस काढते, पण शपथ घातली म्हणून माहेरचा पैसा घेत नाही. शेवटी नशेत सुधाकरच्या काठीने तान्हे बाळ मरते आणि सिंधूही जखमी होते. मरता मरता ती पोलिसांना खोटे सांगून नवऱ्याला सोडवते. मग सुधाकरही प्याल्यात विष घेऊन जातो. गडकऱ्यांनी हे लिहिले आणि २३ जानेवारी १९१९ ला आपल्या विदर्भातच, सावनेरला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते गेले. नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर, त्याच वर्षी. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. तेव्हापासून शंभर वर्षे महाराष्ट्र रडतो आहे.

रडायला माझी ना नाही. पण कोणासाठी रडतो आणि कोणाला सोडून देतो, याचा हिशेब नको का?

आधी दारूचे बघू. दारू हीच गुन्हेगार असती तर पिणारा प्रत्येक जण बुडायला हवा होता. पण त्याच नाटकात भगीरथ आहे. तोही निराशेने प्यायला लागतो, त्याच मंडळात बसतो आणि दारू सोडून माणसात येतो. म्हणजे परतीची वाट गडकऱ्यांनीच दाखवून ठेवली आहे. सुधाकर मात्र रामलालला असे पटवून देतो की एकदा लागलेला प्याला सुटतच नाही. लोक त्या भाषणाला टाळ्या देतात. मला ते ऐकताना नेहमी वाटते, हा वकील आहे आणि इथे स्वतःचेच वकीलपत्र घेऊन उभा आहे!

वकीलच म्हटले तर कायद्याचेही बघा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८५ होते. कोणी फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल तर गोष्ट वेगळी, पण स्वतः होऊन प्यालेल्याला नशेची सबब सांगून सुटता येत नाही, असा त्याचा अर्थ. २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी हे तत्त्व तसेच आहे. नाटक लिहिले जाण्याच्या जवळपास साठ वर्षे आधी इंग्रज सरकारला जे कळले होते, ते आम्हाला अजून कळू नये?

आता तळीराम. प्रत्येक गोष्टीत एक शकुनी शोधून काढायचा ही आपली जुनी खोड. देवलांनी ऑथेल्लोवरून 'झुंझारराव' लिहिले, तेव्हाही प्रेक्षकांनी सगळे खापर त्यातल्या कपटी माणसावर फोडले असेल. पण तळीराम हा कोण? सुधाकरचा कारकून. जो माणूस मुन्सफाचे ऐकत नाही, जिवलग मित्राचे ऐकत नाही, बायकोच्या डोळ्यांतले पाणी बघत नाही, तो नेमके कारकुनाचे ऐकतो! याला फसणे म्हणत नाहीत. जे हवे होते तेच सांगणारा माणूस त्याला भेटला, एवढेच.

मग 'मानी स्वभाव' हे उत्तर बरोबर का? अर्धे बरोबर. मान हा शब्द फार मोठा आहे, तो इथे वाया घालवू नये. बायको दळण दळते याची ज्याला लाज वाटत नाही, पण सासऱ्याच्या घरचा पैसा आला तर ज्याचे नाक कापले जाते, त्याच्याजवळ मान नाही, नुसता अहंकार आहे. स्वतः कमवायचे नाही, दुसऱ्याने दिलेले घेऊ द्यायचे नाही, आणि या उपाशीपणाला स्वाभिमान म्हणायचे! ती शपथ म्हणजे सिंधूवरचा पहिला घाव. काठीचा घाव नंतरचा.

आणि आता सज्जनांचे. भाऊ पद्माकर न्यायला येतो, सिंधू नाही म्हणते, तो परत जातो. रामलाल एवढा शिकलेला, विलायतेला जाऊन आलेला, पण सुधाकरला उपदेश करण्यापलीकडे त्याची मजल जात नाही. सगळे शपथेचा मान राखतात. एका दारुड्याने घातलेली शपथ, तिच्या पायी पाळण्यातले लेकरू उपाशी, आणि तरी ती मोडायला कोणी तयार नाही. सुधाकर एकदा दारू सोडून कामधंदा मागत फिरतो, तेव्हा ज्यांच्या पंगतीला तो बसत असे तेच प्रतिष्ठित लोक त्याला दारातून वाटेला लावतात. हे लोक पीत नव्हते बरं का! पूर्ण शुद्धीत होते.

रोमिओ-ज्युलिएटच्या शेवटी व्हेरोनाचा राजा निदान कबूल करतो, की तुमच्या वैराकडे मी काणाडोळा केला, त्याची शिक्षा मलाही झाली. आमच्याकडे मात्र नाटक संपले की डोळे पुसायचे आणि 'दारू फार वाईट' म्हणत घरी जायचे.

इथे कोणी म्हणेल, "बाई, काळ तसा होता. १९१९ सालची बाई दुसरे काय करणार?" हे उत्तर मी वऱ्हाडात बसून तरी ऐकून घेणार नाही. आमच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली ती १८८२ साली, म्हणजे या नाटकाच्या सदतीस वर्षे आधी. सगळे दोष बायकांच्याच माथी का, पुरुषांत तेच दोष नाहीत का, असे त्यांनी भर बाजारात विचारले. मुंबईत रखमाबाईंनी लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला, तो खटला १८८४ ते १८८८ गाजला. लांब कशाला, खुद्द नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती मुकाट सोसत नाही, फाडफाड बोलते. मग परीक्षेत 'गीतेचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न क्वचितच का येतो? सिंधू म्हणजे देवी आणि गीता म्हणजे विनोदी पात्र, ही वाटणी आम्ही केली. काळाला कशाला नावे ठेवायची?

सिंधूला मी नावे ठेवत नाही. ती बिचारी मेली. माझे भांडण आहे ते तिच्या मरणाची आरती ओवाळणाऱ्यांशी. तिच्या त्या शेवटच्या खोट्या जबाबाला आपण त्यागाचा कळस म्हणतो. पण त्या कळसाची सावली कुठवर पडली ते बघा. माझ्या तरुणपणी वर्तमानपत्रात आतल्या पानावर एक बातमी नेहमी असायची, 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू'. सासूच्या हातून कधी स्टोव्ह भडकत नसे, नणंदेच्या हातून भडकत नसे, सुनेच्याच पदराला त्याचे वैर! भाजलेल्या किती जणींनी दवाखान्यात 'माझ्याच हातून झाले' असे सांगून डोळे मिटले असतील, कोण जाणे. १९८३ मध्ये ४९८-अ कलम आले, २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला, तो पुढच्या वर्षी लागू झाला. पण कायदा होऊन काय उपयोग, जर मरतानासुद्धा खोटे बोलून नवऱ्याला वाचवते तीच चांगली बाई, असे आम्ही वर्गात शिकवत राहिलो तर?

आमच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीची आई धुणीभांडी करायची. एकदा कपाळाला पट्टी बांधून आली. स्टाफरूममध्ये कोणीतरी हळहळून म्हणाले, "माणूस चांगला आहे हो तिचा, दारूच वाईट." ती पोरीची फी भरता भरता थांबली आणि म्हणाली, "कायले बाटलीले बोल लावता बाई? काठी त त्याच्या हातात व्हती न!" बी.ए.ला 'एकच प्याला'वर व्याख्याने ऐकली, समीक्षेची पुस्तके वाचली. एवढी चोख समीक्षा कुठे सापडली नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती आमच्या वऱ्हाडाच्या जिवाची आहे. बाटली जशी घरात मारणाऱ्याला सोडवते, तशीच ती घराबाहेरच्यांनाही सोडवते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा, या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी ३७५० कोटींचे पॅकेज दिले. का दिले ते सगळ्यांना माहीत आहे. शेतकऱ्याने जीव दिला की वारसांना एक लाखाची मदत मिळते, पण आधी समिती बसते आणि ठरवते, आत्महत्या 'पात्र' की 'अपात्र'. मरणालासुद्धा पास-नापास! आणि नापास करण्याच्या कारणांत एक कारण फार सोयीचे असते : 'व्यसनाधीनता'. माणूस प्यायचा ना? मग झाले. कपाशीला भाव मिळाला नाही, बोंडअळी आली, बँकेची नोटीस आली, सावकार दारात बसला, हे सगळे त्या एका शब्दाखाली झाकले जाते. नाटकात आधी सनद जाते आणि मग प्याला येतो. हा क्रम गडकऱ्यांनी नीट लिहून ठेवला आहे. समितीच्या कागदावर मात्र प्यालाच पहिला असतो आणि सनदेचे पान फाटलेले असते.

यावर कोणी मला पकडेल, की बाई, एकीकडे म्हणता दारूची सबब चालणार नाही आणि दुसरीकडे पिणाऱ्याची बाजू घेता. घेते, आणि यात विसंगती नाही. सुधाकरने सिंधूला मारले, त्याला जबाबदार सुधाकर. पूर्ण जबाबदार, सोळा आणे. पण सुधाकर स्वतः मेला, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. त्यात त्याच्या अहंकाराचा वाटा आहे आणि ज्यांनी शुद्धीत राहून दारे लावून घेतली त्यांचाही आहे. मरणे दोन, म्हणून उत्तरेही दोन. दोन्हींना मिळून 'दारू' असे एकच उत्तर लिहिले की काठीवाला सुटतो आणि दारे लावणारेही सुटतात. म्हणून तर हे उत्तर इतके लोकप्रिय आहे.

तुम्ही विचाराल, मग दारूबंदी नको का? हवी असेल तर जरूर करा. पण ती कोण करते ते बघा. महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायकांचे मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. त्या रांगेत घरचे काम टाकून, मजुरी बुडवून, कधी नवऱ्याच्या शिव्या खाऊन बायका उभ्या राहतात. बाटली आडवी होते ती नंतर. आधी त्या बोलतात, 'आमच्या घरात काय चालते ते आम्ही सांगू' म्हणून बोलतात. या सगळ्या गीतेच्या लेकी आहेत. यांतली एकही सिंधूसारखी 'मी पडले' असे सांगायला आलेली नसते.

तेव्हा माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना, आणि घरातल्या ज्या दोघी-तिघी आता मराठी शिकवतात त्यांना, एवढेच सांगणे. 'एकच प्याला' जरूर शिकवा. भाषा तशी पुन्हा कोणाला जमली नाही. पण प्रश्न बदला. 'शोकांतिकेस जबाबदार कोण' असे मोघम विचारू नका. 'सिंधूला कोणी मारले?' असे विचारा. उत्तर एका ओळीचे आहे, कर्ता, कर्म आणि क्रियापद असलेले साधे वाक्य. आणि कर्त्याच्या जागी कोणी 'दारू' लिहिले, तर ती व्याकरणाची चूक धरा.