मधली भिंत कोणाची?

मुलांनो, परवा मी आमच्या तिसरीच्या वर्गाला घराचं चित्र काढायला सांगितलं. घर म्हटलं की तुम्ही काय काढता, ते मला पाठ आहे बरं का! दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, एक नदी, नारळाचं झाड आणि एकटंच उभं असलेलं कौलारू घर. सगळ्यांनी तेच काढलं. फक्त एका मुलीने पाच घरं काढली, तीही एकाला एक लागून. मुलं हसायला लागली, "बाई, हिची घरं चिकटली!" तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग मधली भिंत कोणाची?"

प्रश्न छोटा, पण भारी! त्याचं उत्तर शोधायला आज आपण जरा लांब जाऊ या. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचं शहर आहे आणि त्याला खेटूनच आहे होव्ह. तिथे समुद्राकडे तोंड करून अशाच 'चिकटलेल्या' घरांच्या लांबच लांब रांगा उभ्या आहेत. जवळजवळ दोनशे वर्षांपासून!

ब्रायटन हे एकेकाळी कोळ्यांचं छोटं गाव होतं. १७५० साली रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरांनी एक पुस्तक लिहिलं. समुद्राच्या पाण्यात डुंबा, ते थोडं प्या, म्हणजे आजार बरे होतील, असं त्यांचं म्हणणं. (तुम्ही मात्र पिऊ नका हं!) मग श्रीमंत लोक तिकडे येऊ लागले. १७८३ साली तर खुद्द इंग्लंडचा युवराज आला आणि गावाच्या प्रेमातच पडला. मग काय, ज्याला त्याला समुद्रासमोर घर हवं! पण किनारा थोडाच वाढतो? म्हणून घरं अरुंद आणि उंच बांधली, खांद्याला खांदा लावून.

होव्हमधली 'ब्रन्सविक टेरेस' ही अशीच एक रांग. चार्ल्स बस्बी आणि अमोन वाइल्ड्स या वास्तुकारांच्या आराखड्यावरून १८२४ च्या सुमारास तिचं काम सुरू झालं. लांबून पाहाल तर वाटेल, एकच भला मोठा राजवाडा आहे. उंच खांब, पांढरट पिवळा रंग, नक्षीच्या लोखंडी गॅलऱ्या. पण जवळ जाऊन दारं मोजा. प्रत्येक दार म्हणजे वेगळं घर! काही घरांच्या खिडक्या तर पोट पुढे काढल्यासारख्या बाहेर आलेल्या असतात. का बरं? तिथे बसलं की समोरचंच नाही, डावी-उजवीकडचंही दिसतं.

आता घरात शिरू या. जमिनीखाली तळघर, तिथे स्वयंपाकघर. त्यावर जेवणाची खोली. पहिल्या मजल्यावर सर्वांत उंच छताची बैठकीची खोली, पाहुण्यांसाठी. त्यावर झोपायच्या खोल्या आणि अगदी वर, छपराखाली, नोकरांच्या लहानशा खोल्या. पहाटे विस्तव पेटवणारी नोकराणी सगळ्यांत वर झोपायची आणि सगळ्यांत खाली काम करायची. दिवसातून किती जिने चढत-उतरत असेल, विचार करा.

आणि आता खरी गंमत. त्या राजवाड्यासारख्या भिंतीचा गिलावा खरवडला तर आत काय निघेल? घडीव दगड? छे! तिथल्या अनेक जुन्या भिंतींत निघतो 'बंगरूश'. म्हणजे गारगोट्या, फुटक्या विटा, समुद्रकिनाऱ्यावरचे गोटे, जे हाताशी येईल ते. फळ्यांचा साचा करायचा, त्यात हे सगळं टाकायचं, वर चुना ओतायचा. वाळलं की झाली भिंत! वरून गुळगुळीत गिलावा द्यायचा आणि दगडाचे चिरे वाटावेत म्हणून त्यावर रेघा ओढायच्या. बंगरूशला जास्त पाणी सोसत नाही. नीट नेम धरून पाण्याचा पाइप मारला तर अर्धं ब्रायटन वाहून जाईल, असा तिथे विनोदच आहे!

मग अशी भिंत खाऱ्या वाऱ्यात दोनशे वर्षं टिकली कशी? एकच उत्तर, निगा. गिलाव्याला तडा गेला की बुजवायचा, रंग उडाला की पुन्हा द्यायचा. पण समजा, एकाने आळस केला तर? पाणी त्याच्या भिंतीत शिरणार आणि तिथून शेजाऱ्याच्या घरात. म्हणून होव्हमध्ये कायदाच झाला. १९७६ च्या त्या कायद्यानुसार तिथल्या घरमालकांना दर पाच वर्षांनी दर्शनी भाग रंगवावाच लागतो, आणि तोही सर्वांनी एकाच रंगाचा.

या घरांवर एकदा मोठं संकटही आलं होतं. १९४५ साली तिथल्या नगरपालिकेने ही रांग पाडून नव्या इमारती बांधायचं ठरवलं. तेव्हा गावातले लोक एकत्र आले, त्यांनी 'रीजन्सी सोसायटी' नावाची संस्था काढली आणि जोरदार विरोध केला. घरं वाचली! आज त्यांना तिथल्या कायद्याचं सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण आहे.

आता माझी एक गोष्ट सांगते. मी लहान असताना आम्ही कोकणातल्या एका बाजारपेठेत राहायचो. शेजारच्या काकांची आणि आमची भिंत सामाईक, चिऱ्यांची, मातीत बांधलेली. एका पावसाळ्याआधी तिच्या माथ्यावरची कौलं फुटली. "ती बाजू तुमची," असं बाबा म्हणाले. "नाही, तुमची," असं काका म्हणाले. दोघंही हटून बसले, बोलणंही बंद झालं. आषाढात एका रात्री भिंतीचा वरचा भाग धाडकन आमच्या स्वयंपाकघरात कोसळला. कोणाला लागलं नाही, हे नशीब. सकाळी आमची चूल ओल्या मातीखाली गेलेली. आई तिच्याकडे बघत नुसती उभी होती. तेवढ्यात त्या भगदाडातून काकूंचा हात आला. हातात चहाची किटली! त्याच दिवशी बाबा आणि काका दोघांनी मिळून गवंडी बोलावला.

म्हणून त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी सांगितलं, मधली भिंत दोघांचीही असते. "अर्धी तुझी, अर्धी माझी" असं म्हणून ती टिकत नाही. दोघांनाही ती पुरती आपली वाटावी लागते. वर्गातल्या बाकाचंही तसंच नाही का?

तुमच्या चाळीत, आळीत किंवा वाड्यात अशी सामाईक भिंत आहे का? ती कशाची बांधली आहे, तिची डागडुजी कोण करतं, ते आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला पत्राने कळवा. आणि हो, पुढच्या वेळी घराचं चित्र काढाल, तेव्हा शेजारचं घरही काढा बरं का!

तुमच्या बाई